मामांचा एकशे चारचा आकडा

रिपोर्टवर 'क्रिएटिनिन' हा शब्द दिसला की आपल्याकडे घरात एकदम शांतता पसरते. हा शब्द आपण रक्ताच्या तपासणीवरून ओळखतो. तिथे तो वाढत गेला की पुढे डायलिसिस येतं, हे प्रत्येकाने नात्यात कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. पण हाच शब्द लघवीच्या रिपोर्टवरही असतो, आणि तिथे त्याचा अर्थ अगदी वेगळा होतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या फुलसावंगीच्या मामांनी पुसदला जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. वय ७०, शुगर बारा वर्षांपासून, अंगाने काटकुळे, शेतात अजून रोज फेरी. रात्री त्यांचा फोन.

"बापू, नॉर्मल एक पॉइंट दोन राहते म्हन्ते सारे. माह्यं तं एकशे चार आलं! आता कितीक दिवस राहिले समजाचे?"

मागून मामींचा आवाज, "काहीही अभद्र नोका बोलू!"

रिपोर्टचा फोटो मागवला. १०४ हा आकडा लघवीतल्या क्रिएटिनिनचा होता. १.२ वगैरे जे लोक सांगत होते, ते रक्तातलं. मामांना म्हटलं, "मामा, क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा रोजचा केरकचरा. मूत्रपिंडाचं काम तो बाहेर टाकायचं. केर उकिरड्यावर दिसला तर घर झाडलं जातंय असं समजायचं. घरात साचला तर काळजी." लघवी म्हणजे उकिरडा, रक्त म्हणजे घर. लघवीत हा आकडा साधारण ३० ते ३०० मिलिग्रॅमच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तांब्याभर पाणी प्यायलं की खाली येतो, मे महिन्याच्या उन्हात दिवसभर फिरलं की वर जातो. नुसत्या त्या आकड्यावरून मूत्रपिंड कसं आहे ते कळत नाही.

मग तो मोजतात कशाला? हिशोबासाठी. मूत्रपिंडाची गाळणी बिघडायला लागली की त्यातून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन झिरपतं. ते किती झिरपलं हे नुसतं मोजून उपयोग नाही, कारण लघवी पातळ की घट्ट यावर ते बदलणार. वरणात पाणी ओतलं तर मीठही पातळ होतं आणि डाळही. म्हणून मीठ डाळीच्या हिशोबात मोजायचं. इथे क्रिएटिनिन ही डाळ. मामांचं अल्ब्युमिन लिटरला ५२ मिलिग्रॅम, क्रिएटिनिन लिटरला १.०४ ग्रॅम. भागाकार ५०. हे प्रमाण ३०च्या आत हवं.

म्हणजे ज्या आकड्याने सगळ्यांची झोप उडवली तो निरुपद्रवी होता, आणि त्याच्या खालच्या ओळीतल्या ५०कडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

आणखी एक ओळ होती. रक्तातलं क्रिएटिनिन १.३, पुढे 'नॉर्मल' लिहिलेलं. पण वय धरून गाळण्याची क्षमता काढायचं जे सूत्र २०२१ पासून वापरात आहे, त्यात हाच १.३ तीस वर्षांच्या पुरुषाला साधारण ७६ देतो आणि सत्तरीच्या पुरुषाला ५९. ६०च्या खालची क्षमता तीन महिने टिकली तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार धरतात. त्यात मामांसारख्या काटकुळ्या माणसाचे स्नायूच कमी, म्हणजे केर मुळातच कमी. रक्तातला आकडा बरा दिसतो आणि काम मात्र त्याहून मंदावलेलं असू शकतं.

फोनवर हे सांगणं फार अवघड गेलं. एका दमात 'घाबरू नका' आणि 'दुर्लक्षही करू नका' असं दोन्ही सांगायचं होतं. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे घर झाडून राहिलो, पन झाडनी झिजली."

इतकं नेमकं मलाही सुचलं नव्हतं.

डॉक्टरांनी आधी एकच प्रश्न विचारला, दुखण्याची गोळी किती घेता? कंबर धरली की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणायचं, ही गावोगावची सवय. अशा गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. ती बंद झाली. बीपीची गोळी बदलून दिली, अल्ब्युमिनचं झिरपणंही कमी करणारी. शुगरवर लक्ष आलं. ताप, लघवीतला संसर्ग किंवा खूप श्रम झाले तरी हे प्रमाण तात्पुरतं वाढतं, म्हणून गणपतीच्या आधी सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी पुन्हा केली. ५०चं ३८ झालं, क्षमता ६१. अजून ३०च्या आत नाही, पण उतरणीला लागलंय. दर तीन महिन्यांनी पुसदची फेरी आता ठरलेली.

आपल्या घराण्यात शुगर आणि बीपी दोन्ही आहेत, हे नातलग वाचकांना वेगळं सांगायला नको. त्रास जाणवण्याची वाट पाहू नका, मूत्रपिंड बराच काळ काहीच बोलत नाही. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण आणि रक्तावरून काढलेली क्षमता, एवढे दोन आकडे डॉक्टरांना आवर्जून विचारा. मामी आता विचारतात. त्यांचा स्वतःचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात यायचाय.