कॉलची मोजणी आणि कॉलची वाट

कंपाइल केलेला प्रोग्रॅम नेमका कुठे वेळ घालवतो, हे शोधताना मोजणीवर विसंबावं, अंदाजावर नाही, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. प्रत्येक फंक्शन कॉलची नोंद ठेवणारी पद्धत मला प्रामाणिक वाटे. ठरावीक अंतरानं डोकावून ‘या क्षणी काय चाललंय’ एवढंच टिपणारं सॅम्पलिंग कामचलाऊ वाटे. आज माझा कल उलट बाजूला आहे आणि हा बदल मला महत्त्वाचा वाटतो.

जुन्या मताचा पाया होता जीप्रॉफ हा प्रोफायलर. सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल मॅककुसिक यांनी बर्कलीच्या विद्यापीठात तो घडवला आणि १९८२ साली त्यावरचा निबंध मांडला. कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एका छोट्या रुटीनला कॉल पेरून ठेवतो. त्या रुटीनला दोन पत्ते कळतात: कॉल कुठून आला आणि कुठे पोचला. या जोडीसमोरचा आकडा एकानं वाढवायचा, एवढंच त्याचं काम. पण ते प्रत्येक कॉलला होणार, म्हणून शोध विलक्षण जलद हवा. रचनाकारांनी तक्ता कॉल करणाऱ्या जागेच्या पत्त्यावर बांधला. कोडमधली एक जागा बहुतेक वेळा एकाच फंक्शनला हाक मारते, त्यामुळे पहिल्याच नोंदीत उत्तर सापडतं. फंक्शन पॉइंटरमधून कॉल होत असेल, तरच नोंदींची साखळी लांबते. उलट, ज्याला कॉल झाला त्याच्या पत्त्यावर तक्ता बांधला असता, तर सगळेच वापरतात त्या मेमरी वाटणाऱ्या फंक्शनमागे भलीमोठी साखळी लागली असती. ही निवड मला आजही सुंदर वाटते.

माझा विश्वास डळमळला तो वेळेच्या हिशेबापाशी. जीप्रॉफ वेळ वेगळी मोजतो. घड्याळाच्या प्रत्येक टिकटिकीला चालू सूचनेचा पत्ता टिपून तो हिस्टोग्रॅम भरतो. प्रोग्रॅम संपल्यावर फंक्शनची वेळ त्याला बोलावणाऱ्यांमध्ये वाटली जाते, आणि ती कॉलच्या संख्येच्या प्रमाणात. म्हणजे प्रत्येक कॉलला सारखीच वेळ लागते, असं धरलेलं असतं. हे गृहीतक कुणी लपवलेलं नाही. पण त्याचा परिणाम पाहा. क्रम लावणारं एक फंक्शन एका ठिकाणाहून ९९९ वेळा चिमुकल्या यादीसाठी आणि दुसऱ्या ठिकाणाहून एकदाच प्रचंड यादीसाठी बोलावलं गेलं. एकूण १० सेकंद लागले, त्यातले जवळजवळ सगळे त्या एका कॉलनं खाल्ले. अहवाल मात्र ९.९९ सेकंद पहिल्याच्या नावावर टाकतो. गिरणीचं वीजबिल दळणाच्या वजनावर न वाटता फेऱ्यांवर वाटावं, तसं हे झालं.

मला अंतर्मुख केलं ते या त्रुटीच्या स्वभावानं. नमुन्यांतली अनिश्चितता ढोबळमानानं नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. १०० नमुन्यांना सुमारे १०, तर १०,००० नमुन्यांना सुमारे १००. प्रोग्रॅम जास्त वेळ चालवला की प्रमाण सुधारतं. सरासरीच्या गृहीतकातून आलेली चूक मात्र प्रोग्रॅम रात्रभर चालवला तरी तसूभर हलत नाही. म्हणजे ज्या काटेकोर मोजणीवर माझी भिस्त होती, तिच्याच आधारे झालेली वाटणी दिशाभूल करत होती, आणि ज्याला मी अंदाज म्हणत होतो, त्याला आपल्या चुकीची मर्यादा सांगता येत होती.

मुळात जोड्यांचा तक्ता आजोबांना विसरतो. ‘ब’नं ‘क’ला किती वेळा बोलावलं हे त्याला माहीत असतं, पण तेव्हा ‘ब’ला कुणी बोलावलं होतं, ते नसतं. ग्लेन अमन्स, थॉमस बॉल आणि जेम्स लारस यांनी १९९७ साली मांडलेला कॉलिंग कॉन्टेक्स्ट ट्री हीच उणीव भरून काढतो. इथे नोड फंक्शनचा नसून मुळापासून तिथवर आलेल्या वाटेचा असतो. तीच वाट पुन्हा आली तर जुन्या नोडचा आकडा वाढतो, नवी आली तर फांदी फुटते. रिकर्शन आलं तर कडा मागे पूर्वजाकडे वळते, त्यामुळे झाडाची खोली फंक्शनच्या संख्येपलीकडे जात नाही.

हे झाड प्रत्येक कॉलला वाढवत बसलं तर प्रोग्रॅम मंदावतो. चार सूचनांच्या फंक्शनमध्ये नोंदीचाच खर्च कामापेक्षा मोठा होतो आणि मोजमापच मोजायच्या गोष्टीला बिघडवतं. म्हणून अधूनमधून अख्खा स्टॅक टिपावा आणि त्या वाटांचं झाड रचावं, हा मार्ग मला पटला. ब्रेंडन ग्रेगनी २०११ साली आणलेला फ्लेम ग्राफ म्हणजे अशा झाडाचंच चित्र. त्यातली रुंदी म्हणजे नमुने. डावीकडून उजवीकडे काळ वाहत नाही.

या बदलानं माझी आणखी एक बाजू बदलली. स्टॅक स्वस्तात चालत जायला फ्रेम पॉइंटर लागतो, आणि तो एक रजिस्टर अडवून ठेवतो. ३२ बिटच्या एक्स८६ प्रोसेसरवर रजिस्टर मोजकीच, म्हणून कंपायलर ऑप्टिमायझेशन करताना तो गाळू लागले. रजिस्टर वाचवा, असंच मीही म्हणत असे. फेडोरानं २०२३ मध्ये ३८व्या आवृत्तीपासून आणि उबंटूनं २४.०४ पासून पॅकेज फ्रेम पॉइंटरसह बांधायला घेतली. थोडा वेग देऊन प्रत्येक वापरकर्त्याच्या यंत्रावर प्रोग्रॅम वाचता येणं, हा सौदा मला आता योग्य वाटतो.

मोजणी मी सोडलेली नाही. एक लांबलचक कॉल झाला की लाखो छोटे, हे नमुने सांगत नाहीत. लूपमध्ये लपलेलं अनावश्यक काम आकडाच उघडं पाडतो. पण क्रम बदलला आहे. आधी वेळ कोणत्या वाटेनं गेली ते झाडात पाहायचं आणि मग त्याच वाटेवर कॉल मोजायचे. शिकणाऱ्यांनाही मी आता हाच क्रम सांगतो, आणि कुठलाही प्रोफायलर हाती घेतला की त्याचा अहवाल वाचण्याआधी तो काय साठवतो आणि काय टाकून देतो, हे तपासा, असा आग्रह धरतो. टाकून दिलेल्या माहितीवर उभा असलेला प्रश्न त्याला विचारता येत नाही. विचारला तर तो सरासरी काढून आत्मविश्वासानं उत्तर देतो.