धुळ्याच्या वाटेवर चार शॉकअप

जळगावाहून धुळ्याला जाणे याला कोणी प्रवास म्हणत नाही. गिरणेचा पूल ओलांडला, की एरंडोल, मग पारोळे, आणि मग धुळेच. सारा मिळून नव्वदेक किलोमीटरांचा मामला. पूर्वी या हमरस्त्याला सहा नंबर म्हणत, आता त्रेपन्न म्हणतात. मे महिन्यात या वाटेवर पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारले तर आम्ही खानदेशी माणसे गप्प बसतो. कपाशी नाही, हिरवे नाही. दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी जमीन आणि वर पेटलेले आभाळ.

यंदाच्या मेमध्ये मी भाच्याला घेऊन निघालो तो ताईच्या सांगण्यावरून. भावजींची डाळमिल आहे. मुलाने गादीवर बसावे हा त्यांचा हट्ट, आणि पुण्याला मोटारींच्या कारखान्यात शॉकअप तपासण्याच्या खात्यात मिळालेली नोकरी सोडायची नाही हा मुलाचा. बापलेकांचे महिनाभर बोलणे बंद. "तू मास्तर आहेस, तुझे ऐकेल. वाटेत समजाव," ताई म्हणाली.

मुलाच्या मांडीवर एक खोका होता. त्यात खऱ्या मोटारीच्या दहाव्या हिश्शाएवढी, रिमोटवर पळणारी शर्यतीची गाडी. हे वेड तसे आजचे नव्हे; १९७६ साली जपानच्या तामिया कंपनीने पोर्शेची अशी रिमोटची प्रतिकृती काढली होती. पण ते वेड आमच्या घरात शिरेल असे मला वाटले नव्हते.

"खेळणेच ना रे हे?" मी सुरुवात केली.

त्याने उत्तर दिले नाही. खोक्यातून बोटाएवढी एक नळी काढून माझ्यापुढे धरली. आत दट्ट्या, दट्ट्याला सुईने पाडल्यासारखी बारीक भोके, बाहेरून स्प्रिंग. "मामा, खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि मग उसळते. तिची उसळी तेलाने जिरवायची. तेल या भोकांतून सावकाश सरकते, म्हणून गाडी नाचत नाही. एसटीच्या चाकापाशीही हीच युक्ती."

"मग घट्टच तेल भरावे."

"घट्ट भरले तर दबलेले चाक खाली यायला उशीर करते. तोवर पुढचा खड्डा आलेला असतो. चाक जमिनीला धरून राहिले पाहिजे, एवढेच तर काम."

नळ्या अजून रिकाम्या होत्या. जिथे पळायचे तिथल्या हवेत तेल भरायचे, असा त्याचा नेम. परदेशी खेळाडूंची कोष्टके त्याच्याकडे होती. पण ती थंड मुलखातली. खानदेशात पारा चव्वेचाळीसवर गेला की त्यांतले तेल पातळ पडते. म्हणून त्याने स्वतःची वही केली होती : तारीख, वेळ, तापमान, तेलाचा नंबर, भोके किती, गाडी कशी पळाली. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी, एकही खाडाखोड नाही. वीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासतो आहे. इतकी प्रामाणिक वही क्वचित पाहिली. समजावण्याचे भाषण मी पारोळ्यापर्यंत पुढे ढकलले.

एरंडोलला चहासाठी थांबलो तेव्हा मी तेलाची बाटली उघडून पाहिली. नितळ, पाण्यासारखे, वासही नाही. बूच पुन्हा नीट लावले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. माझ्या मोटारीचे शॉकअप केव्हाच मेलेले. दोन गतिरोधकांवर आपटलो आणि बाटली पिशवीत रिकामी झाली. मुलगा काही बोलला नाही. ते फार वाईट.

पारोळ्यात किल्ल्याच्या अलीकडे एका गॅरेजात शिरलो. मिस्त्रीने ती चिमुकली नळी उलटीपालटी करून पाहिली आणि नव्वद नंबरचे गिअर ऑइल काढले, काकवीसारखे. "हाई चालई. पन दादा, उन्हायामा तेल पानीसारखं व्हई जास," त्याने बजावले. मुलाने मान हलवली. त्याला ठाऊकच होते. सिलिकॉनचे तेल उन्हात त्या मानाने कमी ढळते, हे साधे तेल फार.

तिथल्याच बाकावर चारही नळ्या भरल्या. भरायचे म्हणजे ओतायचे नव्हे. तेल घालून दट्ट्या हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे वर येऊ द्यायचे, थांबायचे, पुन्हा करायचे. हवा दबते, तेल दबत नाही. एक बुडबुडा राहिला तरी डावीउजवी बाजू सारखी होत नाही. मिस्त्री हातातले काम टाकून पाहत उभा राहिला.

धुळ्याला मैदानात दहा-बारा पोरे जमली होती. सकाळच्या फेरीत गाडी छान पळाली. बारा वाजता तीच गाडी मातीच्या उंचवट्यावरून बेडकासारखी उड्या मारू लागली. मुलगा सावलीत बसला, वही उघडली, चारही नळ्या खोलल्या आणि तीन भोकांचे दट्टे काढून दोन भोकांचे बसवले : तेल पातळ झाले, तर वाट अरुंद करायची. मी छत्री धरून उभा होतो. शेवटच्या फेरीत तो चौथा आला. गाडी मात्र एकदाही उलटली नाही, आणि वहीत त्याने नवी ओळ लिहिली.

रात्री आग्रा रोडवर शेवभाजी खाताना ताईचा फोन आला. "बोललास का?"

"अजून नाही," मी म्हणालो. "पण भावजींना म्हणावे, उद्या संध्याकाळी मी घरी येतो. त्यांना एक वही दाखवायची आहे."

दुसऱ्या दिवशी परतताना पारोळ्याच्या मिस्त्रीने माझ्या मोटारीला नवे शॉकअप घातले. मुलाने पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली.

"काल चार वेळा डुलत होती, मामा," तो म्हणाला, आणि वही काढून बसला.