गेट मीच उघडले होते

चोराला प्रत्यक्ष पाहिले आहे का, असे कोणी विचारले तर मला 'हो' म्हणावे लागते. नुसते पाहिलेच नाही, तर त्याच्यासाठी गेटही मीच उघडून दिले होते.

गोष्ट जानेवारी २०२३ मधली. आम्ही पूर्व दिल्लीत, यमुनेच्या पलीकडच्या एका सोसायटीत राहतो. इथल्या जानेवारीची कल्पना महाराष्ट्रातल्या वाचकांना सहजासहजी यायची नाही. सकाळी सहाला धुके इतके दाट असते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. जो तो मफलर, टोपी, स्वेटर यांत गुरफटलेला. कोण आपला, कोण परका, काही ओळखू येत नाही.

मी दूध घेऊन परतत होते. चौकीदार कोपऱ्यात शेकोटीजवळ हात शेकत बसला होता. समोरून एक तरुण पांढरी स्कूटर ढकलत आला. अंगात चांगले जाकीट, डोक्यावर हेल्मेट, पायात स्वच्छ बूट. मला पाहून तोच म्हणाला, "सेल्फ नहीं ले रहा, मैडम."

"थंडीत होतंच असं," असे त्याला हिंदीत सांगत मी गेटचे दार ओढून धरले. त्याने 'थँक्यू' म्हटले आणि तो धुक्यात दिसेनासा झाला. एका माणसाला मदत केल्याच्या समाधानात मी घरी येऊन चहा टाकला.

आठ वाजता खाली गलका ऐकू आला. तळमजल्यावर राहणाऱ्या मास्टरजींची स्कूटर जागेवर नव्हती. मास्टरजी निवृत्त शिक्षक. पेन्शन बेताचीच, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन-तीन घरी गणिताच्या शिकवण्या. गुडघे दुखत असल्याने त्यांचे सगळे येणे-जाणे त्या स्कूटरवरच. बाल्कनीतून ते ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. पांढरी स्कूटर! मी खाली गेले खरी, पण तोंडातून शब्द फुटेना. पत्रकारितेचा डिप्लोमा घेतलेली, रोज इतरांना प्रश्न विचारणारी मी, त्या माणसाला 'कुठल्या फ्लॅटमधले तुम्ही?' एवढेही विचारू शकले नव्हते. लोक काय म्हणतील, या धास्तीने मी गप्प राहिले.

पण माझ्या गप्प राहण्याने प्रश्न थोडाच मिटणार होता? चोर कोण, हे लोकांनी आपसांत ठरवूनही टाकले. आमच्याकडे एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा रोज पहाटे गाड्या पुसायला यायचा. "कुणाची गाडी कुठे असते, हे त्यालाच ठाऊक," एकजण म्हणाले. "अर्ध्या लोकांच्या चाव्या त्याच्या हातात असतात," दुसऱ्यांनी भर घातली. पुरावा काहीच नव्हता. तरी संध्याकाळपर्यंत त्याला सांगण्यात आले की, उद्यापासून येऊ नकोस. बातमी शेजारच्या इमारतीत पोचली आणि तिथलेही त्याचे काम गेले.

दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्टरजींकडे गेले आणि सगळे सांगून टाकले. ते रागावतील, निदान चार शब्द सुनावतील, असे वाटले होते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बेटी, आधी त्या मुलाला परत बोलवू या. स्कूटरचं नंतर पाहू."

आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने आम्हाला बसायलाही सांगितले नाही आणि त्यात तिचे काहीच चुकले नाही. सोसायटीच्या बैठकीत मी सर्वांसमोर माझी चूक कबूल केली. मुलगा पुन्हा कामावर आला. पण तेव्हापासून तो कोणाचीही चावी हातात घेत नाही. "चावी तुमच्याकडेच राहू द्या, दीदी, मी बाहेरूनच पुसतो," असे म्हणतो. ते ऐकताना आजही मला अपराधी वाटते.

मी पोलिसांनाही त्या तरुणाचे वर्णन सांगितले. पण चोरीनंतरचे पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात आणि ते मी वाया घालवले होते. आमच्या गेटवरचा कॅमेरा इतका उंच होता की त्यात हेल्मेटचा माथा तेवढा दिसत होता. स्कूटर काही मिळाली नाही. विम्याचे पैसेही मिळाले नाहीत, कारण मास्टरजींनी जुनी गाडी म्हणून फक्त थर्ड पार्टी विमा घेतला होता. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो उपयोगी पडतो. आपली गाडी चोरीला गेली तर त्यात काही मिळत नाही. त्यासाठी सर्वंकष विमा हवा. कितीतरी घरांत हा फरक गाडी गेल्यावरच कळतो.

त्या धावपळीत मी बरेच काही शिकले. गाडी चोरीला गेली तर आधी ११२ क्रमांकावर फोन करावा आणि ताबडतोब तक्रार नोंदवावी. दिल्लीत २०१५ पासून वाहनचोरीची तक्रार घरबसल्या ऑनलाइन करता येते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यानुसार देशात कुठेही इलेक्ट्रॉनिक माध्यमातून गुन्ह्याची खबर देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत त्यावर सही करावी लागते. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे. पोलिसांत लगेच तक्रार केली असेल, तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले आहे. तरी उशीर करून वाद कशाला ओढवून घ्यायचा? दाव्याच्या वेळी कंपन्या बहुधा गाडीच्या दोन्ही चाव्या मागतात, तेव्हा दुसरी चावी जपून ठेवा. गाडीची मूळ कागदपत्रे डिकीत ठेवू नका. इंजिन आणि चासी क्रमांक घरातल्या वहीत लिहून ठेवा.

कुलुपाची गोष्ट तर आणखी साधी. मास्टरजींच्या स्कूटरचे हँडल लॉक सहा महिन्यांपासून बिघडले होते. "सोसायटीच्या आतून कोण नेणार?" असे म्हणून दुरुस्ती लांबणीवर पडत गेली. नुसत्या हँडल लॉकवरही विसंबून राहू नये, जोरदार झटक्याने ते तुटू शकते. चाकातून जाड साखळी घालून ती जमिनीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी कडीला अडकवली, तर गाडी ढकलून किंवा उचलून नेणे कठीण होते. कुठलेच कुलूप अभेद्य नसते, पण ते चोराचा वेळ खाते आणि चोराला नेमका वेळच नको असतो.

आमच्या सोसायटीने कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर आणला, पार्किंगमधले बंद दिवे बदलले, खांबांना कड्या बसवल्या. पण खरा उपयोग झाला तो एका नियमाचा. कोणीही गाडी ढकलत बाहेर नेत असेल, तर चौकीदाराने फ्लॅटचा नंबर विचारायचा आणि त्या घरी फोन करायचा. कोणीही म्हणजे कोणीही! चौकीदार रात्रभर जागा राहावा म्हणून आता दोघांच्या पाळ्या लावल्या आहेत.

सुरुवातीला बरीच कुरकुर झाली. "आम्ही काय चोर दिसतो?" असे काहींनी विचारले. त्यांना मी एवढेच सांगते की, चोरही चोर दिसत नव्हता. त्याचे कपडे चांगले होते म्हणून मी गेट उघडले आणि मुलाचे कपडे मळके होते म्हणून आपण त्याला हाकलले. कपड्यांवरून माणसे ओळखण्याची सवय चोराच्या पथ्यावर पडते आणि गरिबाच्या मुळावर येते. सगळ्यांनाच विचारले तर कोणाचाच अपमान होत नाही.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका पहाटे एकजण मोटारसायकल ढकलत आला. चौकीदार फोन लावतच होता, तरी मीही विचारले, "कोणाकडे आला आहात?" तो तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींचा भाचा निघाला. भाभींनी फोनवरून तसे सांगितले. तो जरा नाराज दिसला. मी त्याला 'माफ करा' म्हटले आणि गेट उघडून धरले.

गेट मी आजही उघडते. फक्त आधी विचारते.