आप्पांचा व्हॉल्व्हचा टीव्ही

2022 साली पुनर्विकासासाठी वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली रिकामी करायची होती. सामानाची बांधाबांध चालली असताना पोटमाळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेला टीव्ही खाली आला. सरकत्या दारांची लाकडी पेटी, आत वीस इंची कृष्णधवल पडदा. धाकटा भाऊ म्हणाला, "हा भंगारात देऊन टाकू." ब्याऐंशी वर्षांचे आप्पा खाटेवरून एवढेच म्हणाले, "अजून चालेल तो."

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्याचे केंद्र आमच्या वरळीतच. पण टीव्ही आमच्या घरात यायला 1976 साल उजाडले. तोही कुणीतरी बिघडला म्हणून टाकून दिलेला. आप्पा गिरणीत रिंग खात्यात होते. पाळी संपली की रात्रीच्या वर्गाला जाऊन त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकून घेतली होती. महिनाभर खपून त्यांनी तो टीव्ही चालू केला. मग काय, दर रविवारी संध्याकाळी आमच्या 160 चौरस फुटांच्या खोलीत अख्खा मजला चित्रपट बघायला दाटीवाटीने बसे.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आप्पांची नोकरी गेली ती गेलीच. त्यानंतर घरातली चूल पेटती राहिली ती या दुरुस्तीच्या विद्येवर. त्या दिवसांत मी सोळा वर्षांची होते. टीव्ही पाठीमागून उघडतात. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला समोरचा पडदा दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी पुढे आरसा धरून उभे राहावे लागते. ते काम माझे. स्क्रू ड्रायव्हर मात्र भावाच्या हातात. त्याला त्यात गोडी नव्हती, तरी तोच शिकायचा. मी एकदा विचारले तर आप्पा म्हणाले, "हे पोरींचं काम नव्हे. शॉक लागेल." मी गप्प बसले, पण आरशातून पडद्याबरोबर आप्पांचे हातही बघत राहिले.

पुढे सीप्झमधल्या एका कारखान्यात सर्किट बोर्डावर सोल्डर मारण्यात माझी बावीस वर्षे गेली. तिथे रांगेने बसलेल्या आम्ही बहुतेक बायकाच होतो. त्या पगारावर भावाचे शिक्षण झाले. पण माझे काम नेमके काय असते, हे आप्पांनी कधी विचारले नाही.

म्हणून भंगाराची गोष्ट निघाली तेव्हा मी म्हटले, "टीव्ही माझ्याबरोबर येईल. मी दुरुस्त करते." आप्पांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे हात आता कापतात, नजरही अधू झाली आहे. थोड्या वेळाने म्हणाले, "एकदम प्लग लावू नकोस. आधी कपॅसिटर बदल."

वाचक भगिनींनो, इथे एक सांगून ठेवते. असा संच अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय उघडू नका. आमच्या संचाला मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नाही. विजेची एक बाजू थेट आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते. पिक्चर ट्यूबवर 15,000 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो तिच्यात साठून राहतो. तो आधी उतरवावा लागतो. आप्पांचा नियम असा की चालू संचाजवळ काम करताना एक हात खिशात. साडीला खिसा नसतो, म्हणून मी डावा हात पाठीमागे धरत असे.

लॅमिंग्टन रोडवरून नवे कपॅसिटर आणले. जुने सुकून गेले होते. मग 200 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून तसाच राहतो. आमचा बल्ब पेटला आणि मंद झाला; पण व्हॉल्व्ह एकही उजळला नाही. आप्पा म्हणाले, "सगळ्यांची फिलामेंट एका माळेत आहेत. एक तुटलं की सगळे विझतात." मीटर लावून एकेक तपासला. तुटलेला सापडला. त्याच्या जोडीचा व्हॉल्व्ह आप्पांच्या बिस्किटांच्या डब्यात कापसात ठेवलेला निघाला.

आता व्हॉल्व्ह एकामागून एक लाल झाले. स्पीकर खरखरला. पडद्यावर मात्र मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ. "व्हर्टिकल गेलंय. ब्राइटनेस कमी कर, नाहीतर ट्यूब जळेल," आप्पा घाईने म्हणाले. त्या भागाचा व्हॉल्व्ह बदलला, तरी रेघ तशीच. दोन दिवस शोधले. शेवटी त्याच व्हॉल्व्हच्या मागचा एक कपॅसिटर काढला. त्याची तार आतून सुटली होती. त्याच मापाचा नवा लावला.

रेघ थरथरली आणि वर-खाली पसरत पडदा भरला.

दूरदर्शनची जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे तोवर जवळजवळ सगळी बंद झाली होती. म्हणून सेट-टॉप बॉक्स मॉड्युलेटरमार्फत अँटेनाच्या जागी जोडला. बातम्या लागल्या, पण चित्र सारखे वर सरकत होते. ते स्थिर करायची बटणे पाठीमागे. मी मागे गेले आणि सवयीने म्हणाले, "कुणीतरी आरसा धरा."

आप्पा खाटेवरून उठले. भिंतीवरचा आरसा काढून टीव्हीसमोर धरून बसले. मी बटण फिरवत होते, तरी चित्र हलतच होते. शेवटी विचारले, "आप्पा, चित्र हलतंय की तुमचा हात?" ते हसले, म्हणाले, "माझा हात. तुझं चित्र कधीच थांबलंय."

संच बंद केल्यावर आप्पांनी जाड भिंग मागवले आणि मी मारलेले सोल्डर एकेक करून पाहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्यापेक्षा साफ आहे. तेव्हाच शिकवायला हवं होतं."

चाळीस वर्षांनी का होईना, ते शब्द ऐकायला मिळाले. माझे समाधान झाले, पण हळहळही वाटली. संपाच्या त्या दिवसांत घरात कमावते दोन हात आणखी होते. ते आरसा धरून उभे होते.

भावाची नात दहा वर्षांची आहे. सुट्टीत आली की त्या टीव्हीभोवती घुटमळते. परवा मी प्लग काढला, ट्यूब उतरवली आणि पाठीमागचे झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर तिच्याच हातात दिला. आरसा भावाने धरला.