बॉनेटला हात लावू नको

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की साधारण निम्म्या वाटेवर तामलवाडी लागते. आज ती लोकांना टोलनाक्यामुळे माहीत आहे. माझ्या लहानपणी ती पाण्यासाठी माहीत होती. पुढे तुळजापूरचा घाट. मोटारीत आठ माणसं, टपावर वळकट्या, डब्यात पुरणपोळ्या आणि डोक्यावर वैशाखातलं ऊन. असल्या ओझ्यानं कुठलंही इंजिन तापणारच. म्हणून जाणते ड्रायव्हर घाटाआधी आमच्याकडे थांबत. अण्णांचं चहाचं हॉटेल होतं, बाहेर पाण्याचा रांजण, आणि रेडिएटरला पाणी घालायचं काम माझं. झाकणावर ओलं पोतं टाकायचं, अर्धा आटा फिरवून बाजूला सरायचं, वाफ निघून गेली की मगच पुरतं उघडायचं. तोवर ड्रायव्हर ओरडत असायचा, “बॉनेटला हात लावू नको रे, भाजशील!”

मोटारी मी अशा ओळखायला शिकलो, तोंडाकडून. अँबेसेडर पोट सुटलेल्या पाटलासारखी संथ यायची. तिच्यात पुढारी नाही तर नवरदेव. जीप ओळखावी लागतच नसे, ती आधी ऐकू यायची. माझा जीव मात्र फियाटवर. तिच्यातही जुनी, पन्नाशीच्या दशकातली ‘डुक्कर फियाट’. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण समोरून ते फुगीर नाकाड बघितलं की दुसरं नाव सुचायचंच नाही. तिची पुढची दारं उलटी उघडायची, वाड्याच्या कवाडासारखी. तिच्यातून लुगड्यातली आजी उतरली की आधी पाय, मग पिशवी आणि मग आजी, असा क्रम ठरलेला. गियरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे पुढच्या सलग बाकावर ड्रायव्हर धरून तिघं मजेत, आणि मांडीवरची पोरं वेगळी. खिडकीची तिकोनी काच फिरवली की वारा थेट तोंडावर.

या गाडीचं आणि आमच्या भागाचं एक नातं आहे, ते मला फार उशिरा कळलं. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ साली उभी केली वालचंद हिराचंदांनी, आणि वालचंदांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा! जहाज, विमान, मोटार, तिन्हींचे कारखाने या देशात काढायला धडपडलेला माणूस इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर जन्मला. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जोडल्या गेल्या, मग इटलीची फियाट आली. १९७४ पासून तिचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, आणि नंबर लावला की वर्षानुवर्षांची वाट. मुलीच्या जन्माला नोंदवलेली गाडी तिच्या शाळेच्या वयाला दारात येई. ती मग आधी तुळजापूरला जाई. बॉनेटवर हळदी-कुंकू, चाकाखाली लिंबू. परत येताना त्याच गाडीवाल्याचा चेहरा असा फुललेला असे की अण्णा त्याच्याकडून चहाचे पैसे घेत नसत.

आजोबांच्या आठवणीतली मोटार वेगळी. आमचं गाव निजामाच्या राज्यात, सोलापूर इंग्रजी मुलखात. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली तेव्हा १३ तारखेला फौजा सोलापूरकडून नळदुर्ग-तुळजापूरकडे घुसल्या. रांगेनं मोटारी जाताना त्यांनी बघितल्या त्या तेव्हाच. निजामाच्या स्वतःच्या मोटारी मात्र त्यांनी कधी पाहिल्या नाहीत. मी पाहिली, हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात: पिवळीधमक रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट. सहाव्या निजामानं मागवली, पण गाडी यायच्या आत १९११ मध्ये तो वारला. एवढ्या वर्षांत ती जेमतेम काहीशे मैल चाललीय म्हणे. आमच्याकडच्या वडापच्या जीपला एवढं अंतर कापायला एक यात्रा पुरायची.

दुर्मिळ मोटारींचं कौतुक ऐकतो तेव्हा मला ही सिल्व्हर घोस्ट आठवते आणि जरा खटकतं. न वापरून जपलेली ती दुर्मिळ, यात नवल काय? फियाट दुर्मिळ झाली ती वापरून वापरून. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी होऊन झिजली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आमच्याकडे तर गाड्यांना मुदतच नव्हती. पत्रा भंगारात जाई, सीट गॅरेजच्या दारात बाकडं होई. एका फियाटचा बाक आमच्या हॉटेलात बरीच वर्षं होता. गिऱ्हाईक त्यावरच आधी बसे.

राजेरजवाड्यांतही वापरात राहिलेली एक आहे हं. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक. दसऱ्याला ती आजही दसरा चौकात येते आणि लोक सोन्याइतकेच तिला बघायला जमतात. वर्षातून एकदा का होईना, तिला काम आहे.

२०२१ साली केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी नियम केला. वय पन्नासच्या वर आणि मूळ रूप शाबूत असेल तर ‘विंटेज’. पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं, नोंदणीला वीस हजार रुपये. पण रोजच्या कामाला, धंद्याला ती रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता या मानात बसायला लागल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तरी मनात आलंच, आठ माणसं आणि वळकट्या घेऊन ती देवीला निघाली तर ते रोजचं काम धरतील की काय?

आता रस्ता चौपदरी झाला. नव्या गाड्या थंड हवा खेळवत, काचा वर करून येतात, फास्टॅगचा आवाज होतो, दांडा उठतो आणि घाट कधी संपला ते आतल्यांना कळतही नाही. रांजण गेला, हॉटेल गेलं. कोजागरीच्या सुमाराला पायी चालणाऱ्यांसाठी हा रस्ता मोटारींना बंद होतो, तेवढे दिवस तो मला जुना वाटतो.

मध्यंतरी नाक्याजवळ एक ट्रक थांबला होता, मोटारी वाहून नेणारा. पाठीवर डुक्कर फियाट, दोन रंगांत, आरशासारखी. कुठल्याशा शहरातल्या मेळाव्याला चाललेली. राखणीला एक तरुण होता. “फोटो काढा काका, पण बॉनेटला हात लावू नका,” तो म्हणाला, “पॉलिश नवीन आहे.” तो पाणी प्यायला वळला तेवढ्यात मी फळीवर चढून तळवा टेकवलाच.

भर दुपारी बॉनेट गार होतं. वर ताडपत्रीची सावली होती.