नवीनच घ्या!

काही वाक्यं कानावर पडली की माझं डोकं फिरतं. सध्या त्यात पहिला नंबर आहे, "मॅडम, याच्यावर खर्च करू नका, नवीनच घ्या" या वाक्याचा. हे म्हणणारा माणूस नेहमी हसतमुख असतो, त्याच्या गळ्यात कंपनीचा पट्टा असतो आणि त्याने तुमची वस्तू अजून उघडूनही पाहिलेली नसते.

मी काही हार्डवेअर इंजिनिअर नाही. पोटापाण्यासाठी पुण्यात हिशेब तपासते. पण स्क्रू ड्रायव्हर घेऊन कॅबिनेट उघडायची खोड कॉलेजपासूनची. तेव्हा कॉम्प्युटर 'असेंबल' करून घ्यायची पद्धत होती. मदरबोर्ड एकाकडून, रॅम दुसऱ्याकडून, वायरी आणि पंखे तपकीर गल्लीतून, आणि ज्याचा कोणी मित्र मुंबईला जाणार असेल त्याची लॅमिंग्टन रोडची यादी वेगळी! घरी आलेला कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने आपला वाटायचा, कारण आत काय काय आहे हे आपल्याला पाठ असायचं.

अशा जमान्यातलं शेवटचं शेंडेफळ सध्या माझ्या माहेरी, वडिवळ्याला आहे. (नातेवाईकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: पुण्याहून लोणावळा लोकल धरायची, कामशेतला उतरायचं आणि नाणे मावळाकडे निघायचं. कुंडलिका नदीवरचं धरण आहे ना, तेच वडिवळे.) २०१३ साली मी हा कॉम्प्युटर पुण्यात जुळवून घेतला आणि काही वर्षांनी दादाकडे पाठवला. दादाचा दुधाचा हिशेब, वहिनीच्या बचत गटाचे कागद, भाचरांचे अभ्यास, सगळं त्याच्यावर झालं.

त्याने सोसलंय काय काय! आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, चार महिने मुक्कामाला असतो. लोणावळ्याच्या त्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. घरातल्या भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात. त्या दमट हवेने रॅमच्या पट्टीचे पिवळे पाय काळवंडतात आणि कॉम्प्युटर नुसताच बीप बीप करत बसतो. उपाय सोपा आहे. पट्टी काढा, खोडरबरने पाय हलक्या हाताने घासा, परत बसवा. वहिनीसुद्धा हे आता डोळे मिटून करते. एकदा वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि एसएमपीएस गेला, नवा टाकला. हार्ड डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा एसएसडी घातली. रॅम चारची आठ, आठची सोळा जीबी झाली. घड्याळ मागे पडायला लागलं तेव्हा मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल बदलला. विळ्याची मूठ बदलली, पातं लोहाराकडून पाजवून आणलं, म्हणून कोणी विळा टाकून देतं का? तसंच हे.

आता दुसरी वस्तू. भाची कॉलेजला गेली तेव्हा, २०२१ मध्ये, दादाने भात विकून आलेल्या पैशातून तिला लॅपटॉप घेऊन दिला. देखणा, सडपातळ, आठ जीबीचा. चार वर्षांत त्याचं चार्जिंगचं भोक सैल झालं. वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज व्हायचा, मग तेही बंद. त्यातच बॅटरी फुगली आणि टचपॅड वर उचलला गेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. (कोणती कंपनी ते सांगत नाही. सगळ्यांचं पाणी एकाच विहिरीचं.) तिथल्या मुलाने संगणकात पाहून सांगितलं, "पोर्ट मदरबोर्डला जोडलेला असतो, म्हणजे मदरबोर्ड बदलावा लागेल. बॅटरी वेगळी." मदरबोर्डची किंमत ऐकून दादाने माझ्याकडे पाहिलं. दुसरा आख्खा लॅपटॉप थोडी भर घालून आला असता. आणि मग ते वाक्य आलंच. नवीनच घ्या.

दादा बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "ताई, पंपाचा बुश झिजला तर लोक पंप फेकत नाहीत गं."

शेवटी लॅपटॉप दुरुस्त झाला तो तळेगावातल्या एका मोबाईल रिपेअरिंगच्या टपरीवजा दुकानात. त्या पोराने भिंगाखाली जुना पोर्ट काढला, नवा डाख देऊन बसवला, ४०० रुपये घेतले. बॅटरी मात्र त्याला कंपनीची मिळेना. कंपनी ती त्याच्यासारख्यांना विकतच नाही. मग बाजारातली चालणारी दुसरी आणली. ती गोंदाने चिकटवलेली जुनी काढताना आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो, कारण फुगलेल्या बॅटरीला ओरखडा गेला तर ती पेट घेते. बदलावी लागणारी वस्तू गोंदाने चिकटवायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा समोर बसवून विचारावंसं वाटतं, बाबा रे, का?

पुढची गंमत ऐका. भाचीचा विषय भूगोल. क्यूजीआयएसवर नकाशे करायचे असतात. आठ जीबीत ते रखडायला लागलं. मी म्हटलं, रॅम वाढवू. खालचं झाकण उघडून बघते तर रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली, वाढवायला खाचच नाही! म्हणजे २०२१चा लॅपटॉप जन्माला आला तेवढाच राहणार. आता ती शनिवार-रविवारी गावी येते आणि मोठे नकाशे २०१३च्या त्या डब्यावर करते. त्याच्यावर मी फार पूर्वीच लिनक्स टाकलंय, त्यामुळे क्यूजीआयएस छान चालतं. "आत्या, तुझा म्हातारा पळतो गं!" इति भाची.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्या आजीबाईत माझी जमा व्हायची. सगळं एकत्र चिकटवण्यात फायदे आहेतच. यंत्र पातळ होतं, हलकं होतं. रॅम प्रोसेसरच्या जितकी जवळ तितका वेग जास्त आणि वीज कमी. आज दादा बांधावर उभा राहून फोनवर सातबारा काढतो, दुधाचे पैसे खात्यावर आलेले पाहतो. तो फोन स्लॉट आणि स्क्रूंनी भरलेला असता तर विटेएवढा झाला असता. पण मंडळी, प्रोसेसरशेजारी रॅम हवी हे एकवेळ पटतं. बॅटरी चिकटवण्याने आणि सुटा भाग न विकण्याने कुठला वेग वाढतो?

या उघड्या खाचांचं महत्त्व आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला तेव्हा त्यात जादाची कार्डं बसवायला रिकाम्या खाचा होत्या, आणि त्याच्या आतल्या जोडणीचे तपशील कंपनीनेच पुस्तकात छापून दिले होते. त्या यंत्राला देवनागरीचा गंधही नव्हता. पण खाच होती! आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांचं काम सुरू झालं होतं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते काम इथे आलं आणि त्यातून 'जिस्ट' कार्ड लोकांपर्यंत पोचलं. ते पीसीच्या खाचेत बसवलं की इंग्रजी कॉम्प्युटर मराठी, हिंदी, तमिळ लिहायला लागायचा. युनिकोड सगळीकडे रुळायला अजून बरीच वर्षं होती. आपली लिपी संगणकावर आली ती कुठल्या परदेशी कंपनीची मर्जी होईपर्यंत वाट बघत बसली नाही. एका रिकाम्या खाचेतून शिरली. आजच्यासारखं झाळून बंद केलेलं यंत्र तेव्हा असतं तर? अर्ज करत बसलो असतो.

दादाला मी हे सांगत होते तर त्याने एका वाक्यात निकाल लावला. "म्हणजे तुझा तो डबा इंद्रायणी आणि हा लॅपटॉप संकरित!" मी चाटच पडले.

ज्यांना संदर्भ लागला नाही त्यांच्यासाठी. इंद्रायणी तांदूळ हे आमच्या मावळचंच लेकरू. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ते वाण निघालं, १९८७ मध्ये प्रसारित झालं. पण ते 'सरळ' वाण आहे. म्हणजे आलेल्या पिकातलं चांगलं भात बाजूला राखून पुढच्या वर्षी पेरलं तरी तेच वाण उगवतं. शेजाऱ्याला पायलीभर दिलं तरी चालतं. संकरित बियाण्याचं तसं नाही. पहिल्या वर्षी पीक जोरदार, पण त्याचं दाणं राखून पेरलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात. म्हणून दरवर्षी दुकानात जायचं. संकरित वाईट आहे असं नाही, उत्पन्न जास्त देतं. फक्त एकदा त्या वाटेला लागलं की दोरी दुकानदाराच्या हातात.

आणि बियाण्याच्या बाबतीत आपल्याकडे कायदासुद्धा आहे. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा, विकायचासुद्धा हक्क दिलाय. अट एवढीच की ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. म्हणजे मूठभर भातावर माझ्या भावाचा हक्क कागदावर लिहिलेला आहे, पण भात विकून घेतलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीवर नाही. हे मला फार खुपतं.

आमच्या भागात हार्डवेअर या विषयावर एकदाच जोरदार चर्चा झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये. वेदांता-फॉक्सकॉनचा चिप बनवायचा प्रकल्प तळेगावला होणार म्हणून सगळे बोलत होते आणि तो गुजरातला गेला. १ लाख ५४ हजार कोटींचा आकडा चहाच्या टपरीवर सुद्धा पाठ होता. मोर्चे झाले, आरोप झाले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतलं आणि ती भागीदारी मोडली. प्रकल्प जाण्याचं दुःख मला समजतं, आमच्याकडच्या पोरांना नोकऱ्या हव्याच आहेत. पण चिप कुठे बनते यावर आपण रस्त्यावर येतो आणि ती चिप असलेली वस्तू आपल्याला उघडता येते का, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. कारखाना एका गावात होईल. दुरुस्तीचं दुकान कामशेतलाही होऊ शकतं, वडगावलाही, लोणावळ्यालाही. तळेगावच्या त्या पोराला कंपनीने रीतसर सुटे भाग आणि नकाशे दिले तर तो आणखी दोघांना हाताशी घेईल. हा रोजगार नाही का?

ही चिंता माझ्या घरापुरती नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला, घरगुती ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदतवाढ फक्त वर्षभराची. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे साधारण २०१७च्या आधीचे धडधाकट कॉम्प्युटर अधिकृतपणे बाद. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही, पण शाळा, पतसंस्था, छोटी ऑफिसं यांनी ते सगळे भंगारवाल्याला घालायचे का? त्यात २०२५च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा 'क्रुशियल' ब्रँड बंद करणार. म्हणजे ज्यांच्याकडे खाच आहे, त्यांना त्यात घालायला पट्टीही महाग!

आशा अगदीच नाही असं नाही. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. कुठली वस्तू दुरुस्तीला किती सोपी, हे गुणांनी दाखवायची शिफारस तज्ज्ञ समितीने २०२५ मध्ये केली. फ्रिजवर तारे असतात तसं. युरोपने तर कायदाच केलाय, १८ फेब्रुवारी २०२७पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. त्यांना जमतं तर आपल्याला का नाही?

पण कायदा होईल तेव्हा होईल. तोवर दुकानात गेलात की तीन प्रश्न नक्की विचारा. रॅम वाढवता येते का? बॅटरी बदलून केवढ्याला मिळते? सुटे भाग किती वर्षं मिळतील? विक्रेता गोंधळेल, साहेबाला विचारून येतो म्हणेल. येऊ दे. दहाजणांनी विचारलं की साहेब वरच्या साहेबाला विचारेल.

असो. भाचीच्या धाकट्या भावाला यंदा कॉम्प्युटर घ्यायचाय. दादाने सांगून टाकलंय, "स्क्रू असलेला आण." मी सुट्या भागांची यादी करायला घेतलीय. कोणाकडे चालू स्थितीतला पडून असलेला मदरबोर्ड असेल तर कळवा, भंगारात घालू नका!