आवाजाची पट्टी

आवाज वाहता असतो आणि आकडा थांबलेला. या दोहोंची गाठ घालून देणारी एक डबी गेल्या उन्हाळ्यात आमच्या इंदूरच्या घरी आली. काडेपेटीहून थोडी मोठी. एका अंगाला तांबडी आणि पांढरी अशी दोन भोके, दुसऱ्या अंगाला संगणकाकडे जाणारी यूएसबीची तार. टेपमधून निघालेला आवाज या डबीत शिरतो, सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो आणि आकड्यांच्या रूपाने संगणकात उतरतो. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. म्हणजे फितीच्या एकेका सेंटिमीटरमागे नऊ हजारांहून अधिक मोजण्या झाल्या. इतके करून काय साधायचे होते? साठ मिनिटांची एकच कॅसेट उतरवून घ्यायची होती.

ती १९८६ सालची. माझी आत्या पेटी पुढे घेऊन पदे आणि भूपाळ्या म्हणते आहे आणि दोन पदांच्या मध्ये माहेरच्या गोष्टी सांगते आहे. माळव्यात तीन पिढ्या काढलेल्या घरातली तिची मराठी. तिला हिंदीचे पाणी चढलेले. आत्या गेली. तिच्या आवाजाची याखेरीज दुसरी खूण उरलेली नाही. जुन्या फितीवरचा चुंबकीय लेप वाजवण्यागणिक थोडाथोडा झडत असतो, म्हणून सारे प्रयोग एका टाकाऊ कॅसेटवर करायचे आणि आत्याची कॅसेट अगदी शेवटी लावायची, असे मी ठरवले होते.

पहिली अडचण किरकोळ निघाली. संगणक डबीला ओळखच देईना. यूएसबीच्या साध्या तारेत चार धागे असतात. दोन विजेचे, दोन माहितीचे. केवळ मोबाइल भारित करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही तारांत माहितीचे धागे नसतातच. डबीवरचा दिवा लागत होता आणि बोलणे मात्र बंद होते. तार बदलली, ओळख पटली.

दुसरी अडचण मधूनमधून उमटणाऱ्या ‘टिक्’ची. हिचे कारण मला फार विचार करायला लावणारे वाटले. संगणकातली एखादी फाइल एका जागेहून दुसरीकडे जाताना तिचा तुकडा हरवला, तर तो पुन्हा मागवून घेतला जातो. ध्वनीला ही सवलत नाही. यूएसबीवरून वाहणारा ध्वनी वेळेशी बांधलेला असतो. जो तुकडा वेळेवर पोहोचला नाही, तो गेला. त्याची वाट पाहायची, तर पुढचा आवाज थांबवावा लागेल. आमची डबी एका बहुमुखी हबला जोडलेली होती आणि त्याच हबवर साठवणुकीची हार्ड डिस्कही धापा टाकत होती. डबी थेट संगणकाला लावली आणि टिक् थांबली.

खरा छळ मांडला तो हमिंगने. दुकानदारांचा हा शब्द मलाही आता सवयीचा झाला आहे. खालच्या पट्टीत अखंड चालणारी घूंऽऽ. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला की घूं नाहीशी; चार्जर लावला की हजर. रोग इथेच सापडला. लॅपटॉपचा थ्री-पिन प्लग एका भिंतीत, टेपला जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा दुसऱ्या भिंतीत. दोघांचे अर्थिंग घराच्या वायरिंगमध्ये कुठेतरी एकत्र येते आणि इकडे डबीच्या तारेचे वेष्टनही दोघांना जोडते. असे एक वर्तुळ पुरे होते, त्यातून बारीकसा प्रवाह फिरू लागतो आणि तो ऐकू येतो. एका कारागिराने प्लगचा अर्थिंगचा खिळा काढून टाकण्याचा सल्ला दिला. असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो आणि तो जिवावर बेतणारा आहे, घूं परवडली. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणले तेव्हा आवाज स्वच्छ झाला.

मग आत्याची कॅसेट लावली, आणि घूं परत आली. क्षीण, पण निःसंशय. फीत थांबवली की ती थांबे, फीत सुरू केली की सुरू होई. म्हणजे ही आजच्या घराची नव्हे. ध्वनिमुद्रणाबरोबर फितीवर उतरलेली, १९८६ सालच्या विजेची. विजेची आवर्तने आपल्याकडे सेकंदाला पन्नास. संगणकाच्या आलेखावर मात्र ही घूं ५१.४ ला उभी होती. याचा एक अर्थ असा, की फीत वेगाने धावते आहे. वेग वाढला की स्वरही चढतो; आत्याचा आवाज मला पहिल्यापासून पातळ, एखाद्या विशीतल्या मुलीसारखा वाटत होता.

पण विजेला मोजपट्टी मानणे धोक्याचे होते. त्या काळी मागणी पुरवठ्याहून वाढली की जनित्रे मंदावत आणि आवर्तने पन्नासाच्या बरीच खाली उतरत. पट्टीच लवचीक असेल, तर मापायचे कशाने?

उत्तर घरातच होते. फितीच्या आरंभी आत्या म्हणते, ‘‘काळी चार धरते हं.’’ तीच पेटी तिच्या माघारी आमच्याकडे आली आहे. पेटीचे सूर वर्षांनुवर्षांत थोडेफार हलतात, पण इतके नाही. मी काळी चार दाबून धरली आणि टेप लावला. फितीवरचा षड्ज काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मध्ये, सहाकडे झुकलेला होता. टेपच्या मोटारीच्या पाठीशी एका छिद्रात बारीक स्क्रू असतो. तो केसाकेसाने फिरवत दोन्ही सूर एक होईपर्यंत वेग उतरवला. एका बाजूचा वेळ सव्वा मिनिटाने वाढला. आलेखावरची घूं ५१.४ वरून ४९.२ वर आली. त्या संध्याकाळी इंदूरची वीज खरोखरच दमलेली होती!

घूं गाळून टाकण्याची सोय संगणकात आहे. ती मी वापरली नाही. हमिंग एकट्याने येत नाही. त्याच्या पटीतले स्वरही बरोबर येतात, आणि त्यांतला चौथा दोनशेच्या जवळ पडतो. आत्याचा षड्ज दोनशेच्या किंचित वर. चाळणीने कोणाला ठेवले आणि कोणाला टाकले, याची खात्री कोण देणार? तेव्हा ती घूं तशीच राहू दिली.

उतरवलेली बाजू बडोद्याला आत्याच्या मुलीकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ‘‘ताई, आई इतकी सावकाश कधी बोलत होती गं? आणि आवाज असा जड?’’ ही कॅसेट तिने आमच्याच टेपवर वर्षानुवर्षे ऐकलेली. तिच्या कानात तीच आई बसलेली. मी पेटीचे, काळी चारचे सारे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘‘असेल. पण मला पहिल्यासारखी हवी.’’

मी स्क्रू पुन्हा फिरवून तिच्यासाठी दुसरी प्रत केली. आता दोन्ही प्रती आहेत. तिच्याकडे वेगवान, माझ्याकडे संथ. कॅसेटची दुसरी बाजू अजून उतरवायची आहे.